घशातला ख

तो शब्द मला तिनेच शिकवला, राळेगावहून कळंबला जाणाऱ्या एसटीत.

मी म्हणायचे, "रुकसती." ती कपाळावर हात मारायची.

"क नाही वं, ख. अन् तुह्या खटाऱ्यातला ख नाही. घशातून काढ. मासोळीचा काटा अडकला म्हणजे माणूस कसं करते, तसं."

मी घसा खरवडायचे. पुढच्या सीटवरची एखादी म्हातारी मागे वळून बघायची, पोरीला ठसका लागला की काय म्हणून. आम्ही दोघी ओढणीत तोंड घालून हसायचो. कळंबच्या शिवणक्लासला जाता-येता असा बरेच दिवस सराव केल्यावर एकदा तो ख बरोबर निघाला. ती म्हणाली, "हां. आता आलं. आता तू आमच्या फुफीपेक्षा चांगलं म्हणतं."

अर्थही मी तेव्हाच विचारला होता. आधी मला वाटलं होतं, आपल्या लग्नात भांडी-लाडू मांडतात त्या रुखवताचाच हा कोणी भाऊ असेल. ती म्हणाली, "रुखवत तुमचं. हे म्हणजे पोरीले सासरी धाडणं. बिदाई. फक्त आमच्यात निकाह आधी होऊन जाते, अन् रुखसती मागून बी करता येते. सहा महिन्यानं, सालभरानं, जसं जमलं तसं."

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं माझ्या कानावर पडलं, एवढंच. उच्चारासाठी मी जेवढा घसा झिजवला, त्याच्या निम्मंही डोकं त्या दुसऱ्या वाक्यासाठी वापरलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं. मूर्खपणा होता असं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. नुसता मूर्खपणा नव्हता तो.

तिचे वडील आमच्या गावचे पिंजारी. घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायची मशीन, मागे संसार. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर कायम कापसाचे तंतू. मी लहानपणी समजायचे की ते म्हातारे आहेत. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं त्या वर्षांतली ही गोष्ट. घराघरांत धान्याच्या ढोलीपासून देव्हाऱ्यापर्यंत कापूस रचलेला, आणि गादी भरून घ्यायला मात्र कोणी यायचं नाही. तरी चाचांनी मुलीसाठी एक गादी, दोन रजया, चार उशा स्वतःच्या हातांनी भरून ठेवल्या होत्या. गादीला लाल साटिन, रजयांना हिरवं. घरात भिंतीशी ती रास असायची, वर जुनी चादर टाकलेली.

तिचा निकाह त्याच घरात एका शुक्रवारी झाला. मी होते. मुलगा वणीकडचा, तिकडच्या एका जिनिंगमध्ये फिटर. उंच, सावळा, हसताना खाली पाहणारा. काझींनी आत येऊन तिला विचारलं, तिने होकार दिला, सही केली. बाहेर खजूर वाटले. मुलाकडची माणसं जेवली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मुलगीही घरी, गादीही घरी. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत क्लासला.

आमच्या घरच्या हिशेबाने मी त्याला साखरपुडा समजले. साखरपुडा मोडतो. माझ्या आतेबहिणीचा मोडला होता, चार दिवस रडारड झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्याच गावी नांदायला गेली. मुळात लग्न म्हणजे रुखसती, ती झाल्याशिवाय काही बांधलं जात नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

रुखसती दिवाळीनंतर ठरली होती. मुलाच्या घरी नवराबायकोसाठी एक खोली बांधणं चालू होतं. भिंती उभ्या झाल्या आणि त्या हंगामात जिनिंग सुरूच झाली नाही. वर टिनं पडली नाहीत. निरोप आला, संक्रांतीनंतर बघू. मग उन्हाळ्यात. मग पुढच्या दिवाळीला. पावसाळ्यात गादीतल्या कापसाचे गोळे झाले. चाचांनी शिवण उसवून सगळा कापूस काढला, पुन्हा पिंजला, पुन्हा भरला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात परत. मशीनचा आवाज आला की गल्लीत म्हणायचे, चाचा पोरीची गादी पिंजून राह्यले.

आता माझा खेळ सांगते.

कळंबच्या स्टँडवरून गाडी सुटताना कंडक्टर दोनदा घंटी मारायचा. एकदा मी मोठ्यानं म्हणाले, "चला, झाली रुखसती!" घशातला तो ख बरोब्बर काढून. अख्खी गाडी हसली. तीही हसली, तिनेच माझ्या पाठीत धपाटा घातला. मला ते हसणं फार गोड लागलं. मी दिसायला बेताची, बोलायला घुमी. माझ्यामुळे गाडीभर माणसं हसतात, हे मला पहिल्यांदाच समजत होतं. दुसऱ्या दिवशी मी परत म्हणाले. मग रोज. कंडक्टर माझ्याकडे बघून थांबायचा आणि मगच घंटी मारायचा. पोरं गावात तिला रुखसतीवाली म्हणायला लागली. तेल आणायला गेली तर दुकानदार विचारायचा, "काय वं रुखसतीवाली, पडले का टिन?" सगळे तो ख घशातून काढायचे. गावाला मी शिकवला होता.

ती हसायची केव्हा थांबली हे मी लक्षातच घेतलं नाही. एकदा तिने बसमध्ये माझा हात दाबून म्हटलं, "आता पुरे कर नं." मी म्हटलं, "मस्करी बी समजत नाही का तुले?"

त्याच सुमाराला वणीचा तो फिटर कळंबला येऊ लागला. महिन्या-दोन महिन्यांतून, क्लासच्या वेळेला. स्टँडच्या कॅन्टीनच्या मागे कडुनिंबाखाली एक मोडका बाक होता, तिथे दोघं बसायचे, मध्ये तिची पिशवी. मी जरा दूर, राखणीला. रुखसतीआधी असं भेटणं त्यांच्या घरात खपणार नव्हतं, हे तिने मला सांगितलं होतं. "पाप नाही हाय काही," ती म्हणाली, "नवराच हाय माहा. पण मोठ्यायले न सांगता भेटलं म्हणजे बेशरमी होते. तू बोलजो नको कुठी." मी नाही बोलले. एकदा थंडी होती, मी कॅन्टीनमधून तिघांसाठी चहा घेऊन गेले. त्याने उठून माझ्या हातातून कप घेतले. म्हणाला, "बाजी, आप भी बैठो." माझ्याहून मोठा होता, तरी मला बाजी, म्हणजे ताई, म्हणाला. मला आजवर कोणी एवढ्या अदबीने बसायला सांगितलं नव्हतं. त्याच्या उजव्या भुवईत मशीनच्या पट्ट्याने लागलेली खूण होती. तीही मला दिसली. एवढ्या जवळून.

त्या हिवाळ्यात मला पाहायला माणसं आली. आर्वीकडची, जमीनवाली. ती सकाळपासून आमच्याकडे राबत होती. मला साडी नेसवली, स्वतःचं काजळ माझ्या डोळ्यांत घातलं. काजळाने माझ्या डोळ्यांना पाणी सुटलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले तर गालावर काळे ओघळ. ती धावत मागून आली आणि सगळ्यांसमोर आपल्या पिवळ्या ओढणीने माझं तोंड पुसलं, लेकराचं पुसतात तसं. मुलाची मावशी तिच्याकडेच बघत राहिली. निघताना बैठकीच्या दारात ही मावशी आमच्या आईला म्हणाली, "पिवळ्या ड्रेसातली पोरगी कोणाची हो? आमाले अशी पाह्यजे होती."

आईने सांगितलं, पिंजाऱ्याची. मावशी म्हणाली, "अरे देवा!" आणि हसली. त्यांचा निरोप कधी आला नाही.

दोन-तीन दिवसांनी मी दळण घेऊन चक्कीवर गेले. बायकांची गर्दी होती, पट्टा फाटाफाट वाजत होता, त्यामुळे सगळं मोठ्यानं बोलावं लागायचं. चक्कीवाली मला म्हणाली, "काय वं, तुह्या मैत्रिणीची रुखसती या साली बी नाही का?"

मी म्हणाले, "तिले कायची घाई? तिची तं कळंबच्या स्टँडमागं होऊनच राह्यली महिन्याच्या महिन्याले!"

हशा झाला. एकीने पिठाचा हात तोंडावर दाबला. "कोणासंग वं?" चक्कीवालीने विचारलं.

मला सांगता आलं असतं की नवऱ्यासंग. एक शब्द. मी डोळे मोठे करून खांदे उडवले, कारण त्याने हशा अजून मोठा झाला.

चक्कीवरून ती गोष्ट राळेगावच्या बाजारात गेली, बाजारातून वणीला. तिच्या सासूने मुलाला विचारलं, "तू जाता था क्या मिलने?" तो आईला घाबरणारा. आईच्याच डोक्याची शपथ घेऊन नाही म्हणाला. मग सासूला उरला तो दुसरा प्रश्न, की मग स्टँडमागचा माणूस कोण?

ती माणसं आली तेव्हा दुपार होती. तिची आई आमच्या दारात येऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट नव्हता. "बेटी, चल जरा. उसने तेरा नाम लिया है." माझी आई मला जाऊ देईना. वडील म्हणाले, "जाऊ दे. जेवढं पाह्यलं तेवढंच बोलजो."

खोलीत सासू, तिची बहीण, तो, जमातीतले दोन बुजुर्ग, चाचा. ती मधल्या दाराच्या चौकटीला धरून उभी. भिंतीशी गादीची रास. दोघांतल्या वयस्क बुजुर्गांनी त्याला समजावलं, तेही किती मायेने, "देख बेटा, निकाह हो चुका. बीवी है तेरी. मिला होगा तो शरम की बात है, गुनाह की नहीं. हां बोल दे, हम तुम दोनों को दो बात सुनाएंगे और चाय पीकर उठ जाएंगे."

तो जमिनीकडे बघून म्हणाला, "मैं नहीं गया."

"झूठ!" ती चौकटीतून ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "इसको पूछो. ये साथ में थी. चाय ये लाई थी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनीही. त्यांच्या पापण्यांवर त्या दिवशीही कापूस होता.

"बेटी, डर मत," बुजुर्ग म्हणाले. "यही था न?"

मी म्हणाले, "एक माणूस होता. पण हेच होते का, ते मले नाही सांगता येत. मी लांब होती."

घाबरून बोलून गेले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. घाबरले नव्हते. खोलीभर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला ते बसमधल्यासारखं आवडलं. ओढणीने पुसलेलं माझं तोंड मला आठवलं. आणि खाली कुठेतरी तो साखरपुड्याचा विचारही होता, की मोडेल तर मोडेल, दुसरा मिळेल, तोवर ही आपल्यासोबत एसटीत बसेल. काहीच नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी माणूस होता हे सांगितलं आणि तो कोण, हे गिळलं.

सासू म्हणाली, "सुन लिया सबने?" आणि बुरख्याची गुंडी लावू लागली. त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सुटल्यासारखं वाटलं असेल त्याला, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. तो पांढरा पडला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. राशीवरची चादर सरकली होती, ती नीट केली आणि आत गेली.

चार-आठ दिवसांनी चाचा आमच्याकडे आले. आमची एक जुनी रजई न्यायला आले म्हणाले, भरून देतो. आईने रजई आणायला आत पाय ठेवला तसे ते माझ्याजवळ आले. अगदी हळू म्हणाले, "बेटी, मेरे को किसी को बताना नहीं है. जो होना था हो गया. सिर्फ मेरे वास्ते बोल दे. वही था न?"

तिथे कोणी नव्हतं. हसणारं कोणी नाही, बघणारं कोणी नाही. हो म्हटल्याने माझं काहीही जाणार नव्हतं. मी म्हणाले, "खरंच नाही पाह्यलं, चाचा."

त्यांनी मान हलवली. रजई खांद्यावर घेऊन गेले. परत आणून दिली तेव्हा कापूस असा फुलून आलेला की आई म्हणाली, याच्यावर हात ठेववत नाही.

तलाक झाला. तेव्हा मला समजलं की साखरपुड्याच्या मोडण्याला तलाक म्हणत नाहीत. माझी आतेबहीण चार दिवस रडून मोकळी झाली होती. ही एक दिवस न नांदता सोडलेली बायको झाली, आणि वर स्टँडमागच्या कोण्या माणसाची. पुढच्याच वर्षी आदिलाबादकडच्या एका बिजवराशी तिचं लावून दिलं. रुखसती वगैरे काही नाही. चाचांनी सकाळच्या गाडीवर गादी चढवून बांधली, एक रजई तिच्या मांडीवर दिली, आणि ते खाली उभे राहिले. मी स्टँडवर होते, क्लासला निघालेली, वडाच्या आड.

कंडक्टर तोच. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. गादी पाहून त्याला आमचा जुना खेळ आठवला असेल. त्याने दारातून मान बाहेर काढून सगळ्यांकडे बघत आरोळी दिली, "चला, झाली रुखसती!" आणि दोनदा घंटी मारली. ख अगदी बरोबर होता. दोन-चार माणसं हसली. चाचा उजवा हात वर करून उभेच होते, गाडी वळून गेली तरी.

नंतर माझं लग्न झालं, यवतमाळला आले, मुलं झाली, लिहायला लागले. पुष्कळ लिहिलं. हे नाही. चाचा गेल्याचं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. "बरं," म्हणाले आणि चिरत राहिले.

मागच्या हिवाळ्यात पांढरकवड्याला एका कापडाच्या दुकानात ती दिसली. अंगाने सुटलेली, चष्मा. सोबत तरणी मुलगी. मुलीच्याच लग्नाचं कापड घेणं चालू होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने मला लगेच ओळखलं. मुलीने विचारलं, "कौन है अम्मी?"

"गाव की है," ती म्हणाली आणि पुन्हा लाल साटिन बोटांत धरून पाहू लागली.

मी म्हणाले, "तोच होता. मी जवळून पाह्यलं होतं."

ती साटिनची उलटी बाजू बघत होती. "मले कायले सांगतं? मले माहीत होतं. त्याले माहीत होतं, तुले माहीत होतं. ज्यायले माहीत नव्हतं ते मरून गेले."

"चाचा आलते माह्याकडं..."

"मले माहीत हाय. परत येऊन सांगितलं त्यानं मले. म्हणे, उसने भी नहीं देखा बोलती. त्याच्यानंतर मरेपर्यंत पुन्हा विचारलं नाही मले." तिने दुकानदाराला दोन बोटांनी लांबी दाखवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरीचा निकाह अन् रुखसती एकाच दिवशी ठेवली. सकाळी निकाह, दुपारी गाडीत. एक घंटा बी घरी ठेवत नाही मी तिले."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मी येऊ का लग्नाले?"

"नको," ती म्हणाली. रागाने नाही. दुकानदाराला नको असलेला रंग सांगावा तसं. "तुले सांगायचंच असंल तं जिथं सांगितलं तिथं जाऊन सांग."

म्हणून मी गावी गेले. पिंजाऱ्याच्या घरात आता मोबाइलचं दुकान आहे. चक्की आहे, विजेवरची नवी, आवाज कमी. जुनी चक्कीवाली खुर्चीवर बसलेली, दळण सून बघते. दोन-तीन बाया होत्या. मी म्हातारीजवळ बसले आणि सगळं सांगितलं. की मी इथे जे बोलले होते ते अर्धं होतं. की तो तिचा नवराच होता. निकाह झालेला नवरा. की मी पाहिलं होतं आणि खोटं बोलले.

म्हातारी बराच वेळ आठवत राहिली. नाव सांगितलं, आठवेना. बापाचं सांगितलं, तरी नाही. सून म्हणाली, मी तर लग्न होऊन नंतर आली. मग एकाएकी म्हातारीचा चेहरा उजळला.

"हां हां! ती नाही का, पळून गेलती कोणासंग? रुखसतीवाली!"

"पळून नाही गेलती, मावशी. तेच तं सांगून राह्यली मी."

"पळूनच गेलती, पोरी. साऱ्या गावाले माहीत हाय," म्हातारी म्हणाली, आणि सुनेला ज्वारीचा डबा काट्यावर ठेवायला सांगितलं. बाकीच्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या, पाहुण्याशी हसतात तसं. तिचं नाव तिथं कोणालाच आठवलं नाही. म्हातारीला दात राहिले नव्हते, पण तो ख तिने घशातूनच काढला, मी शिकवला होता तसा.